रुमालाखालचा सौदा

“स्वतःच्या डोळ्यांवरही नाही, तर माणसानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? बोला ना, नूरबाबा.”

तुळाजी दलालाचा आवाज चढला होता. बैलबाजाराच्या कडेला, दर्ग्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. माझं कासऱ्या-घुंगरांचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. बाजार उठला की मी दर्गा सांभाळणाऱ्या नूरबाबांकडे चहाला जातो.

आता तुळाजीची नजर म्हणजे काय सांगू तुम्हाला! आठ वर्षांपूर्वी विकलेला बैल शिंगं रंगवून आणला, तरी शंभरात ओळखायचा. त्याच नजरेच्या भरवशावर त्यानं कोर्टात एका माणसाकडे बोट केलं होतं. “बाईचा खून करून पळाला तो हाच.” काशिराम नावाचा बिगारी. त्याला जन्मठेप झाली. फार उशिरा कुणीतरी मेलेल्या बाईच्या नखांतलं रक्त तपासायला लावलं. डीएनए निघाला दुसऱ्याच माणसाचा. काशिराम सुटला. तोवर आई गेली होती, घर पडलं होतं...

“मी खोटं बोललो नव्हतो, बाबा. दिसलं ते सांगितलं.”

“हो.”

“उद्या पुन्हा बोलावलंय पोलिसांनी. दुसरा खून, दुसरा माणूस. मी पाहिलाय त्याला. ओळखायला जाऊ की नको?”

बाबांनी आत पाहून पाणी मागवलं.

आतून एक पिकल्या केसांचा माणूस तांब्या घेऊन आला. तुळाजी पाणी प्यायला, तांब्या परत दिला. माणूस तसाच उभा.

“बस,” बाबा म्हणाले, तेव्हा बसला. कोणी सांगितल्याशिवाय तो बसत नाही. उघड्या दारातून बाहेरही पडत नाही.

तो कोण, ते मला ठाऊक होतं. पण तुळाजीशी माझा रोजचा धंदा... बोललो नाही.

“तुळाजी, रुमाल काढ,” बाबा म्हणाले. “याच्याशी सौदा कर.”

“हा विकणार काय? अंगावर धड सदरा नाही!” तुळाजी हसला. तरी सवयीनं रुमाल पसरला. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात.

दोघांचे हात रुमालाखाली गेले.

“तीनदा पंजा... वर दोन बोटं. सतरा. सतरा हजार? बैल कुठाय याचा?”

“वर्षं,” तो माणूस म्हणाला.

तुळाजीनं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काशिराम...?”

“हजर!” म्हणत तो ताडकन उभा राहिला. रुमाल खाली पडला.

तुळाजीचा हात अजून तसाच पुढे होता.

“बाबा... मग उद्या काय करू?”

बाबांनी रुमाल उचलला, झटकला, घडी करून तुळाजीच्या हातात ठेवला.

“उद्याचं उद्या. आधी याची वर्षं घेतलीस किती, ते हिशेबात खरं मांडून ठेव.”