मूळ प्रत गोदामात

तालुक्याच्या कचेरीत आमच्या जमिनीचा उतारा काही केल्या सापडेना, तेव्हा मी गणरायाला नवस बोलले होते. कागद मिळू दे, दर संकष्टीला एका तरी माणसाला हसवीन, मगच उपास सोडीन. कागद मिळाला. आज संकष्टी आहे आणि चंद्र उगवायला वेळ आहे. तेव्हा ऐका.

एका तालुक्याच्या गावी पुंजाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. मनाने निर्मळ. पण एकदा ऐकलं की ते दिसेल तिथे लावायचा. नोकरी हंगामी. अशात जुने कागद संगणकात चढवायचा हुकूम आला. नाईकवाडेसाहेब म्हणाले, "पुंजाजी, जिल्ह्याच्या मोठ्या बाई तपासणीला येणार आहेत. त्या दिवशी कचेरीत एकही कागद दिसला नाही, तर तू कायम झालास समज."

घरी बायकोने, शेवंताने, लगेच देवापुढे साखर ठेवली.

साहेबांनी काम समजावलं. "टाचण्या काढायच्या, गाठी सोडायच्या, पान न् पान सुटं करायचं. मगच मशीनवर ठेवायचं."

"ध्यानात ठेवतो, साहेब."

आणि त्याने ठेवलं.

दुपारी लग्नाची नोंद करायला नवरानवरी आली. शेल्याला उपरण्याची गाठ तशीच. पुंजाजीने ती सोडली. नवरीच्या अंबाड्यातले आकडे काढले. नवरा या बाकावर, नवरी त्या बाकावर.

"अरे मेल्या, हे काय चालवलंयस?" नवरीची मावशी ओरडली.

"सुटं केलं, मावशी. मशीनवर आधी कोण चढतंय?"

साहेब धावत आले. "अरे गाढवा! जोडीनं आलेलं जोडीनंच राहू द्यावं. सुटलं असेल तर उलट घट्ट बांधावं!"

"ध्यानात ठेवतो, साहेब."

आणि त्याने ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ आले. बांधावरून हाडवैर, खाती वेगळी करून हवी होती. पुंजाजीने मागून जाऊन थोरल्याचं धोतर धाकट्याच्या धोतराला घट्ट बांधलं. थोरला तावातावाने बाहेर निघाला. धाकटाही निघाला, पण आडवा, उंबऱ्यावरून.

साहेबांनी कपाळ बडवलं. "पुंजाजी, हात जोडतो, उभ्या माणसाला हात लावू नकोस! आतल्या खोलीत जे आडवं पडलेलं दिसेल, तेवढंच तुझं. फोटो काढ, संगणकात चढव, नाव जुळव आणि मूळ प्रत कापडात बांधून जिल्ह्याच्या गोदामात धाड. मूळ प्रत परत हवी असेल तर माझ्या सहीचा अर्ज लागतो. कळलं?"

"कळलं, साहेब."

त्याला खरंच कळलं होतं. खोली भराभर रिकामी होऊ लागली. शेवंताने पुन्हा साखर ठेवली.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी दहीभात खाल्ला आणि मोठ्या बाई येईपर्यंत जरा पाठ टेकावी म्हणून ते आतल्या खोलीत उरलेल्या गठ्ठ्यांवर आडवे झाले.

संध्याकाळी बाई आल्या. कपाटं उघडली, टेबलाखाली वाकून पाहिलं. कागदाचा कपटा नाही!

"वा! नाईकवाडे कुठे आहेत?"

"आहेत की, बाईसाहेब. संगणकात."

पुंजाजीने बटण दाबलं. पडद्यावर साहेब उमटले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, चित्र मात्र स्वच्छ. खाली नाव, हुद्दा, सगळं जुळवलेलं.

"अहो, पण खरे साहेब?"

"मूळ प्रत दुपारच्या ट्रकनं गेली. घोरत होती जरा, म्हणून दोन कापडांत बांधली."

"अरे, मग परत मागव त्यांना!"

"मागवतो की. अर्ज लिहून तयार आहे," पुंजाजी अदबीने म्हणाला. "साहेबांची सही तेवढी राहिलीय."

पुंजाजी कायम झाला का, म्हणता? त्याचाही हुकूम तयार आहे. सहीच तेवढी राहिलीय. शेवंता अजून साखर ठेवते, आणि मला वाटतं, तिचा देव ऐकेल.

हसलात ना? मग चंद्र उगवला की माझा उपास सुटला. आता तुमचाही कागद कुठे अडला असेल, तर असंच बोला गणरायाला. कुणाला तरी हसवा, मगच जेवा. आणि साहेबांच्या नावानं एक दूर्वा वाहा. गोदामात फार धूळ असते, म्हणतात.