पहिल्या घासाचा मानकरी

एका राज्यात, जिथे पोपट न्यायनिवाडा करीत आणि तळी हाकेला ओ देत, तिथे एक जुनी रीत होती. जेवायला बसलं की पहिला घास घरच्या मुक्या जिवाचा. कुत्रा असो, मांजर असो, त्याने खाल्ल्यावाचून कुणी ताटाला हात लावीत नसे. राजालाही यातून सुटका नव्हती.

राजाचं नाव धवलकेतू. काळंजन मांत्रिकाच्या गुहेतलं सोन्याचं ताट त्याने उचलून आणलं. साऱ्यांनी नको म्हणून सांगितलं, पण राजाच तो, ऐकतोय कुणाचं? ताटात भात वाढला आणि त्याच्या मनात आलं, एवढ्या झळाळत्या ताटातलं कुत्र्याला कशाला द्यायचं? सवयीने पुढे आलेल्या ठिपक्याला त्याने लाथ मारली आणि पहिला घास स्वतः घेतला. घास घशाखाली उतरला मात्र, शेजारी बसलेल्या त्याच्या एकुलत्या लेकीची, हेमांगीची, पावलं दगडाची झाली.

"बाबा, मला पाय उचलता येत नाहीत," ती म्हणाली.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "दगड वर चढत जाईल, महाराज. गळ्याशी पोचण्याआधी डोंगरावरच्या देवाचं दार उघडा. वाटेत तीन कमानी आहेत. जी जे मागेल ते द्या."

राजा भाकरीचं गाठोडं घेऊन निघाला. प्रधान निघाला, सैनिक निघाले. मागून लंगडत ठिपक्याही निघाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

पहिल्या कमानीने मुकुट मागितला. राजाने दिला. प्रधान म्हणाला, "मुकुट नाही, तर मी आज्ञा पाळू कुणाची?" आणि तो घरी परतला. तसा प्रधान वाईट नव्हता हो, रीतसर वागणारा माणूस.

दुसऱ्या कमानीने चेहरा मागितला. राजाने दिला. सैनिकांनी भाले रोखले. "तू कोण रे? आमचे महाराज कुठे आहेत?" राजा सांगून सांगून थकला. ते बिचारे महाराजांना शोधायला डोंगर उतरून गेले.

तिसऱ्या कमानीने नाव मागितलं. इथे राजा अडखळला. नाव दिल्यावर आपण उरणार तरी काय? मग त्याला लेकीची पावलं आठवली आणि त्याने नावही दिलं. आता आपण कोण, हे त्याला कळेना. कुठेतरी एक पोर दगड होते आहे, एवढंच मनात राहिलं.

समोर दार होतं. इतकं उंच, की ढग त्याला घासून जात. आतून आवाज आला, "कोण आलं आहे?"

त्याच्याजवळ सांगायला काहीच नव्हतं. तो पायरीवर बसून रडू लागला. तेवढ्यात तळहाताला ओली, ऊन जीभ लागली. पाहतो तर ठिपक्या. पाय सुजलेला, शेपटी मात्र हलते आहे. स्वतःचं नाव विसरलेल्या त्या माणसाला ती लाथ तेवढी आठवली. त्याला फार लाज वाटली. त्याने गाठोडं सोडलं, भाकरी मोडली आणि स्वतः उपाशी असताना पहिला तुकडा ठिपक्याच्या तोंडात दिला.

"कोण आलं आहे?" पुन्हा आवाज आला.

"मी कोण, ते मला ठाऊक नाही, देवा. ह्याला ठाऊक आहे. मुकुट नाही, चेहरा नाही, नाव नाही, तरी हा मला ओळखतो. मी मारलं, तरी माझ्यामागे आला."

मग अगदी कानाशी कुणी बोलावं तसे शब्द आले, "मीही पायथ्यापासून तुझ्यामागेच होतो, धवलकेतू."

दार उघडलं. आत मूर्ती नव्हती, नुसता उजेड होता. राजाचे गुडघे आपोआप टेकले. त्या उजेडात त्याला आपला चेहरा परत मिळाला, आणि खाली राजवाड्यात हेमांगीची पावलं मऊ झाली.

तो परतला तेव्हा सोन्याच्या ताटाची साधी पत्रावळ झाली होती. हेमांगी धावत आली, ती आधी ठिपक्याच्या गळ्यात पडली आणि मग बापाच्या. पानं वाढली. प्रधान बसला, सैनिक बसले, सगळे खाली माना घालून. पण चढउताराने दमलेला ठिपक्या राजाच्या पानाशेजारीच गाढ झोपला होता.

"महाराज, भात गार होतोय," वाढपी हळूच म्हणाला.

"होऊ दे," राजा म्हणाला. "त्याला उठवू नका."

आणि सारा दरबार भरल्या पानांवर हात आवरून बसून राहिला.