बिनछापाचं खोगीर

"मग छाप कधी देणार, बुवा?"

रावजीबुवा आपल्या घोडीची, चंद्रीची, आयाळ विंचरत राहिले.

नदीवर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, पण तिकडून घोड्यांचं खिंकाळणं ऐकू येत होतं. घोडेबाजार चार दिवसांवर आला होता.

"तीन वर्षं झाली मला इथे," विश्राम म्हणाला.

"तीन?" बुवा म्हणाले. "मला वाटलं दोनच."

विश्रामने ओठ दाबले. हे असंच चालायचं.

रावजीबुवा जीनगर. मठाच्या ओवरीत बसून खोगिरं करत आणि खोगिराच्या कातड्यावर वेली कोरत. ज्याचा हात तयार झाला, त्या शिष्याला ते लोखंडाचा एक लहानसा ठसा देत. ठशावर बेलाचं पान. खोगिराच्या कोपऱ्यात ते पान उमटलेलं असलं की बाजारातला जाणकार काही न विचारता ओळखायचा, हा बुवांचा माणूस. यालाच सगळे 'छाप' म्हणत.

विश्राम शहरातून आला होता. तिथे त्याचं दुकान होतं, त्याने कोरलेल्या मोरांच्या पिशव्या लोक हौसेने मिरवत. आला तो नाक वर करूनच. पहिल्या दिवशी म्हणाला, "तुमची तेवढी युक्ती दाखवा, बाकीचं मला येतं."

बुवांनी ओलं कातडं त्याच्या पुढ्यात टाकलं होतं. "रंग परतू दे," म्हणाले आणि झोपायला निघून गेले.

कातडं भिजलं की काळवंडतं. मग हळूहळू वाळत जातं आणि त्याचा मूळ रंग कडेकडेने परत यायला लागतो. तेवढ्या वेळातच कोरायचं. त्याआधी लाकडी मोगरीने नक्षी ठोकली तर ती खोल रुतून बसते, उशिरा ठोकली तर उमटतच नाही. एवढीच युक्ती होती, आणि ती शिकायला विश्रामला एक वर्ष लागलं.

पण त्याला छाप हवी होती ती नुसती स्वतःसाठी नव्हे.

त्याचे वडील भिकाजी चाळीस वर्षांपूर्वी याच ओवरीत शिकले होते. मग त्यांची आई अंथरुणाला खिळली म्हणून शहरात गेले आणि जन्मभर लोकांच्या चपलांना तळ लावत बसले. कुणी विचारलं, "रावजीबुवांकडे होतास ना रे?" की ते खाली मान घालून टाके घालत राहत आणि म्हणत, "होतो. छाप आणली नाही."

विचारणारा चुकचुकायचा. विश्रामची आई उगाच काहीतरी शोधायला आत जायची. लहानपणापासून विश्रामने हे इतक्यांदा पाहिलं होतं, की ते तीन शब्द त्याच्या काळजात कुसळासारखे रुतून बसले होते.

वडील गेले तेव्हा मागे एक सुरी राहिली. भिकाजी डावखुरे होते, त्यामुळे सुरीची मूठ भलत्याच बाजूने झिजलेली होती. विश्राम त्याच सुरीने कोरायचा. ती त्याच्या उजव्या हाताला नीट बसत नसे, तरी तो दुसरी घेत नसे.

"खोगीर आण बघू," बुवा म्हणाले.

विश्रामने ते जपून आणलं. चार महिन्यांचं काम होतं. वेल कुठे सुरू होते आणि कुठे संपते कळत नव्हतं, आणि मधोमध एक मोठं पान होतं. त्या पानाकडे पाहून तो स्वतःच कितीदा खुळावला होता.

बुवांनी पानाकडे पाहिलंच नाही. त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून तिचं रोजचं जुनं खोगीर उतरवलं. गुळगुळीत झालेलं, बिनछापाचं. कुणा शिकाऊने केलं असावं, असं विश्रामला नेहमी वाटे. नदीवर जाताना ते घोडीवर चढवायची त्याला लाज वाटायची.

मग खाली घोंगडी न घालता बुवांनी नवं खोगीर तिच्या उघड्या पाठीवर ठेवलं आणि तळवा मधोमध टेकवून हलकेच दाबलं.

चंद्रीची कातडी थरथरली. माशी बसल्यावर थरथरते तशी.

"माशी तर नाही," बुवा म्हणाले.

विश्राम घोडीजवळ सरकला.

"खालून हात घाल."

विश्रामने हात घातला. बोटं आतल्या बाजूने सरकत गेली आणि एका जागी थांबली. तिथे कातडं टेंगळासारखं वर आलं होतं. त्याच्या वर बरोबर ते मोठं पान होतं.

"हे पान केलंस, त्या दिवशी रंग परतला होता?"





"नव्हता," तो म्हणाला. "बाबांची तिथी होती. मला धीर धरवला नाही."

धुक्यातून कुणाच्या तरी घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजले आणि विरले. बुवा घोडीच्या मानेला टेकून उभे होते. धुक्यात ते दोघं एकच काहीतरी असल्यासारखे दिसत होते.

"कुणाला मारत होतास?" बुवांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मोगरी एवढी जोरात बसली. कुणाला मारत होतास?"

विश्रामचा आवाज फुटला तेव्हा तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"तुम्हाला," तो म्हणाला. "माझ्या बापाला रिकाम्या हाताने पाठवलंत. तो माणूस जन्मभर मान खाली घालून जगला. का नाही दिलीत त्यांना छाप? काय कमी होतं त्यांच्यात?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. खूप लांबून कुणीतरी ओळखीचं येताना दिसावं, तसं.

"आधी नवं कातडं भिजव," ते म्हणाले. "मग बोलू."

विश्रामच्या मनात आलं होतं, बोचकं बांधावं आणि चालू लागावं. त्याने बोचकं बांधलंही. पण हात अजून चंद्रीच्या पाठीवरच असल्यासारखा वाटत होता. ती थरथर बोटांतून जाईना. शेवटी त्याने बोचकं कोपऱ्यात ढकललं आणि कातडं पाण्यात घातलं.

मग तो नदीकडे तोंड करून बसला. समोर कातडं, काळंभोर झालेलं.

धुकं पाण्यावरून सावकाश सरकत होतं. कधी पलीकडचा तंबू दिसे, कधी एखादा पांढरा घोडा, नुसताच, पायांशिवाय, तरंगत गेल्यासारखा. विश्रामला डुलकी लागली. डुलकीत वडील दिसले. ते ओवरीच्या पायरीवर बसून काहीतरी कोरत होते आणि चक्क गुणगुणत होते. घरी त्यांना गुणगुणताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन आलं होतं आणि कातड्याच्या कडेला मूळ रंग परतायला लागला होता.

त्याने सुरी उचलली.

दिवस कसे गेले कळलं नाही. बाजार भरला. बाजार उठलाही. घुंगरांचे आवाज दूरदूर जात नाहीसे झाले, तेव्हा विश्राम एका पानाभोवतीची मोकळी जागा दाबत होता. मोगरीचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता.

नव्या खोगिरावर मोठं पान नव्हतं.

पौष निम्मा सरला तेव्हा, एका तिसऱ्या प्रहरी, त्याने स्वतःच ते चंद्रीच्या उघड्या पाठीवर ठेवलं आणि दाबलं. चंद्रीने एक पाय सैल सोडला, पापण्या मिटल्या. खालचा ओठ लोंबायला लागला.

बुवा ओवरीतून बघत होते. विश्रामने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. छापेबद्दल विचारलं नाही. हात जोडावेत असं त्याला वाटलं, पण कुणाला ते कळेना, म्हणून त्याने घोडीचीच मान थोपटली.

मग त्याने नवं खोगीर उतरवलं आणि रोजच्यासारखं जुनं चढवलं. घोडीला पाण्यावर न्यायची वेळ झाली होती.

ऊन तिरपं झालं होतं.

पट्टा आवळताना तो थांबला. गुळगुळीत कातड्यावर तिरप्या उन्हात काहीतरी हललं. एक वेल. इतकी झिजलेली, की ऊन नेमकं तसं पडल्याशिवाय दिसू नये. त्याने बोट ठेवलं. बोट वेलीवरून जात राहिलं आणि एका पानाच्या कापावर थांबलं.

सुरी उचलताना काप निमुळता होत जातो. उजव्या हाताचा एका अंगाला निमुळता होतो. इथे प्रत्येक पानाचा काप दुसऱ्या अंगाला निमुळता होत गेला होता. ही वेल डाव्या हाताने कोरलेली होती.

त्याने खालून हात घातला. आतली बाजू दह्याच्या सायीसारखी मऊ होती.

"बुवा..."

बुवा खाली आले होते. त्यांच्या हातात फडक्याची एक जुनी पुरचुंडी होती. ती त्यांनी विश्रामच्या तळव्यावर सोडली.

लोखंडाचा ठसा. वर बेलाचं पान. पानाच्या कडा अजून बोटाला टोचत होत्या. तो कधी कुठे मारलेलाच नव्हता.

"दिली होती," बुवा म्हणाले.

विश्रामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"मग बाबा... बाबा तर म्हणायचे..."

"काय म्हणायचा?"

"छाप आणली नाही."

बुवा हसले. "खरंच सांगायचा की. मिळाली नाही, असं म्हणाला का कधी?"

विश्रामने आठवून पाहिलं. लहानपणापासूनची सगळी वर्षं आठवून पाहिली.

नदी संथ वाहत होती. चंद्री उभ्या उभ्या डुलत होती.

"का नाही नेली त्यांनी?" त्याने विचारलं.

"मीही विचारलं होतं," बुवा म्हणाले. "हेच खोगीर होतं, आणि इथेच चंद्रीची आजी उभी होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला... हिला कुठे छाप वाचता येते, बुवा?"