महाराजांचं जहाज आणि वळणावरची म्हातारी

जहाज बांधून झालं, रंग वाळला, गुलाबाच्या कुंड्यासुद्धा वर चढल्या. आणि एवढं धूड बंदरात शिरणार कसं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं!

शिंपलबेटाच्या दर्यावर्धन महाराजांची ही हौस. चार मजले, आत नाटकशाळा, वर बाग, लांबी दोनशे हात! पल्याडच्या किनाऱ्यावर बांधलं आणि आणून बेटाबाहेर उभं केलं. बंदरात यायची वाट एकच, दोन्हीकडे खडक असलेली चिंचोळी खाडी, आणि तिच्या मधोमध वळण. वळणावरच्या काळ्या खडकाला कोळी ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीनं आजवर भल्याभल्यांची जिरवली होती.

महाराज मात्र मेहुण्याला पत्र धाडून मोकळे झाले होते, ‘येत्या अष्टमीला या. आमचं जहाज राजवाड्याच्या पायरीला लागलेलं बघाल!’

बाहेरची जहाजं वाट दाखवत आत आणायचं काम लडकू तांडेलाचं. त्यानं होडीतून जहाजाभोवती एक फेरी मारली आणि डोकं खाजवत म्हणाला, “महाराज, हे आत यायचं नाही.”

“का? पाणी कमी पडतं?”

“भरतीला पाणी पुष्कळ. वाट कमी पडते.”

कारभारी रंगोपंत पुढे सरसावले. जन्मात घोट्याच्या वर पाणी चढू न दिलेला माणूस! “महाराज, खाडीची रुंदी सत्तर हात, जहाजाची चाळीस. सत्तरातून चाळीस जात नाहीत होय? तांडेल भित्रा आहे, दुसरं काही नाही!”

महाराजांना हिशोब पटला. “लडकू, अमावास्येच्या भरतीला जहाज आत आणायचं. नाही आणलंस तर बेट सोडायचं, आणि खडकावर आपटलंस तर मुंडकं! तोवर बस कोठडीत.”

लडकूची मुलगी मथी. तिला हे कळलं तेव्हा ती मासळी निवडत होती. आई गेल्यापासून तिला बा एवढाच होता. पाटी तिथंच टाकून ती तडक दरबारात गेली.

“महाराज, जहाज मी आणते आत. बाला सोडा.”

दरबार खो खो हसला.

“जहाज आत आलं की सुटेल तो,” महाराज म्हणाले. “पण तू आणणार?”

“वाट पाठ आहे मला. पण नवी होडी खाडीत घेताना आमच्यात एक रीत आहे. ती केल्याशिवाय कुणी कोळी सुकाणूला हात लावत नाही.”

“कसली रीत?”

“वाट चालायची. अमावास्येच्या ओहोटीला खाडी गुडघाभर होते. होडीच्या लांबीएवढा दोर घ्यायचा. पुढचं टोक मालकानं धरायचं, मागचं त्याच्या विश्वासातल्या माणसानं. दोर ताठ ठेवायचा आणि खाडीच्या तोंडापासून बंदरापर्यंत चालत यायचं.”

“मालकानं म्हणजे... आम्ही?”

“जहाज तुमचंच ना, महाराज?”

आता भरल्या दरबारात नाही कसं म्हणणार!

अमावास्येला सकाळीच सगळा कोळीवाडा खडकांवर येऊन बसला. पुढे जरीचं धोतर खोचलेले महाराज, त्यांच्या डोक्यावर छत्री धरून हुजऱ्या, आणि दोनशे हात मागे, खेकडा दिसला की किंचाळणारे रंगोपंत. मधे ताठ दोर, आणि दोराच्या कडेनं चालणारी मथी. सरळ वाटेवर स्वारी झोकात चालली.

“बघ मथे! जातंय की नाही?”

“जातंय, महाराज. चला पुढं.”

वळण आलं. महाराज ऐटीत वळले आणि चार पावलांत थबकले. दोर म्हातारीच्या कमरेला जाऊन टेकला होता!

“रंगोपंत, डावीकडे व्हा!”

“झालो, महाराज! इथं खडक आहे! कालवांनी पाय कापला माझा!”

“मग उजवीकडे!”

“तिकडे तर म्हातारी आहे, महाराज!”

महाराजांनी ओढलं, रंगोपंतांनी ढकललं. दोर काही खडकातून जाईना. शेवटी महाराज तडकले, “अरे, मग वाकवा ना जरा तो दोर!”

“वाकवते की, महाराज,” मथी म्हणाली. “जहाज वाकेल?”

तेवढ्यात महाराजांच्या लक्षात आलं, की मघाशी गुडघ्याशी असलेलं पाणी आता कमरेशी आहे.

“मथे, पाणी चढतंय!”

“भरती लागली, महाराज.”

“मग होडी आण ना!”

“होडी आहे, वल्ही आहेत. तांडेल तेवढा तुमच्या कोठडीत आहे!”

“सोडा त्याला! पळा, पळा!” महाराज ओरडले. रंगोपंत तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, कारण ते बुटके होते.

कोठडी धक्क्यालगतच होती. लडकू धावत आला, होडी वळणावरून अलगद काढली आणि हुजऱ्यासकट सगळ्यांना बखोट धरून आत घेतलं. मथीनं बाचा हात घट्ट धरला आणि काही केल्या सोडला नाही.

महाराज धोतर पिळत कुरकुरले, “ते सगळं ठीक. पण मेहुण्याला काय सांगू? हसेल तो आम्हाला!”

“त्यांच्याकडे जहाज आहे?” मथीनं विचारलं.

“आहे ना.”

“ते त्यांच्या बंदरात मावतं?”

“मावतं की.”

“अगंबाई! मग लहानच असणार! त्यांना म्हणावं, आमचं जहाज एवढं मोठं, की बेटात मावतच नाही. बघायचं असेल तर होडीत बसून बाहेर यावं लागतं!”

महाराज असे गदागदा हसले, की होडीत पाणी आलं आणि रंगोपंत पुन्हा भिजले.

अष्टमीला मेहुणा आला. जहाज बघितलं आणि दोन दिवस घुम्यासारखा जेवला. महाराजांनी खूश होऊन मथीला सोन्याच्या पाटल्या दिल्या, लडकूला त्याचं काम परत दिलं, आणि पाहुण्यांची ने-आण करायचा मान कोळीवाड्याला दिला. रंगोपंतांनाही नवं काम मिळालं. रोज होडीतून जहाजावर जाऊन गुलाबांना पाणी घालायचं!