नेचा आणि पलीकडच्या काठावरचं झाड

फार फार वर्षांपूर्वी, माणूस नावाचा प्राणी अजून जगात यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकून ठेवावी.

त्या काळी आभाळातून एक डोंगराएवढा दगड पृथ्वीवर पडला. रानं जळाली. राखेने सूर्य झाकला गेला आणि कित्येक महिने ऊन जमिनीवर आलंच नाही. मोठी झाडं मेली, ती झाडं खाणारे मोठे प्राणी मेले आणि त्या प्राण्यांना खाणारेही मेले. मग हळूहळू राख खाली बसली. ऊन आलं, पाऊस आला, पण हिरवं असं कुठे काही दिसेना.

एका ओढ्याच्या दोन काठांवर, दगडांच्या फटीत, दोन नेचे तेवढे तग धरून होते. ते भाऊ होते. थोरला अलीकडच्या काठावर, धाकटा पलीकडच्या. नेच्याला फूल येत नाही, बी धरत नाही. त्याच्या पानांच्या पाठीवर तपकिरी भुकटी येते. ती ओल्या मातीला टेकली की नवा नेचा उगवतो. दोघांनी भुकटी सोडली आणि तीन पावसाळ्यांत दोन्ही काठ हिरवे झाले.

बिळात लपून वाचलेली एक उंदरीण बाहेर आली, तेव्हा तिला पहिली सावली मिळाली ती थोरल्याची.

"नेचेदादा, तुम्ही होतात म्हणून आम्ही जगलो," ती म्हणाली. गोगलगायी हेच म्हणाल्या, भुंगेही म्हणाले. थोरल्याला ते ऐकायची सवय लागली.

उंदरणीची एक खोड होती. राखेखाली गाडली गेलेली बियाणी ती उकरून काढायची, काही खायची आणि उरलेली दुसरीकडे पुरून विसरून जायची. अशीच विसरलेली एक बी थोरल्याच्या पायाशी रुजली. दोन जाड पानं वर आली. तेवढंसं रोप, पण ते बघायला सगळे जमले. एक भुंगा तर तिथेच मुक्कामाला राहिला.

थोरल्याच्या पोटात दुखू लागलं. 'तीन वर्षं मी एकट्याने हा काठ राखला आणि हे कालचं पोर बघायला एवढी गर्दी,' त्याला वाटलं. त्याने आपली रुंद पानं हळूच रोपावर वाकवली.

"काका, जरा सरकता का? उजेड येत नाही," रोप म्हणालं.

"मी उगवलो तेव्हा माझ्यासाठी कोण सरकलं होतं?"

"तेव्हा सरकायला कुणी जिवंतच नव्हतं, दादा," उंदरीण म्हणाली. पण थोरल्याने पान हलवलं नाही. आठ दिवसांत रोप पिवळं पडलं आणि मेलं.

उंदरणीने त्यानंतरची बियाणी पलीकडच्या काठावर नेली. तिथेही एक रोप उगवलं. धाकट्याने आपली पानं थोडी बाजूला घेतली.

"वेडा आहेस," थोरला ओढ्यापलीकडे ओरडला. "उद्या ते तुझ्या डोक्यावर चढेल."

"चढू दे की. दुपारचं ऊन मला तसंही सोसत नाही."

"सगळे त्याला विचारतील. तुला कोण विचारणार?"

"तुला तर आज सगळे विचारतात, तरी तुझा जीव थाऱ्यावर नाही," धाकटा म्हणाला.

थोरल्याने आता ठरवूनच टाकलं की आपल्या काठावर दुसरं काहीही उगवू द्यायचं नाही. त्याने आपली वाळकी पानं मातीवर टाकायला सुरुवात केली. एकावर एक, दर वर्षी नवा थर. आधी वीतभर, मग हातभर. आगंतुक बी त्या थरावर पडे आणि ओल न मिळाल्याने वाळून जाई. ते पाहून थोरल्याला झोप चांगली लागे.

"दादा, तुझी स्वतःची भुकटी कुठे टेकणार?" धाकट्याने एकदा विचारलं.

"माझी भुकटी बारीक आहे. ती बरोबर वाट काढेल."

पण भुकटी वाळक्या पानांवरच अडकली. मातीपर्यंत कण पोहोचला नाही. काठावरचे जुने नेचे एकेक करून म्हातारे झाले आणि गेले. नवा एकही उगवला नाही. थोरला मात्र पलीकडेच बघत बसे. झाड केवढं झालं, आज कोण आलं, फुलं किती लागली. झाडावर पाखरं बोलली की याची पानं आखडायची. आपल्या पायाशी काय उगवत नाही, ते बघायला त्याला सवड नव्हती.

एका उन्हाळ्यात ओढा आटला. अलीकडच्या काठावर सावली नव्हती. थोरल्याची पानं कडांपासून करपत आली. तेव्हा त्याला पलीकडे, झाडाच्या बुंध्याशी, कोवळ्या नेच्यांची गुंडाळलेली टोकं दिसली.

"तुझी पोरं वाटतं," तो कडवटपणे म्हणाला.

"माझी या बाजूला आहेत," धाकटा म्हणाला. "ती तुझी. वाऱ्याने तुझी थोडी भुकटी इकडे आणली होती."

"माझी? त्या झाडाखाली?"

"मग ओल दुसरीकडे आहे कुठे, दादा?"

थोरल्याने त्या कोवळ्या टोकांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "त्यांना सांग, झाडापेक्षा उंच व्हा."

"नेचे कधी झाडाएवढे होतात का?" उंदरीण म्हणाली. तिने हसू दाबलं, कारण थोरला खरंच मरायला टेकला होता.

पाऊस लागायच्या आधीच तो वाळला. पलीकडे रान वाढलं, त्यात पाखरं आली, माकडं आली. अलीकडचा काठ पुढची कित्येक वर्षं वाळक्या पानांखाली तसाच उजाड पडून होता.

तात्पर्य: जो मत्सराने दुसऱ्याचं उगवणं रोखतो, तो स्वतःच्या वंशासाठीही जमीन शिल्लक ठेवत नाही.