मागच्या डब्याचा लेप

"…मग यातला सगळ्यात जास्त आच सोसणारा कोणता, चाचा?"

धैर्यशीलनं सात लोखंडी पट्ट्या चटईवर ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर वेगळा लेप. काळे, राखाडी, चंदेरी आणि एक मातकट पांढरा.

बाबालाल मिस्त्री बसल्या जागेवरून वाकले. त्यांनी एक पट्टी उचलली, उलटी केली, मागची कोरी बाजू पाहिली आणि परत ठेवली.

"सोसणारा…" ते म्हणाले.



गारगोटीच्या पुढं, रस्ता घाटाला लागतो तिथं मिस्त्रींची शेड होती. चार खांब, वर पत्रा, एका कोपऱ्यात भट्टी. चाळीस वर्षं त्या वाटेवरच्या गाड्यांचे सायलेन्सर तेच उतरवत होते आणि तेच चढवत होते. अक्षरओळख नव्हती. पण गाडी वळणापलीकडं असतानाच, नुसत्या आवाजावरून, नळी कुठं फुटली आहे ते सांगत. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा.

धैर्यशील त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकला. चाचांच्या शिष्यांत डिप्लोमा झालेला तो एकटाच.

चाचांची एक रीत होती. धुराच्या वाटेवरचा कुठलाही भाग रंगवला, की तो कोळशाच्या धगीवर हळूहळू भाजायचा. त्याशिवाय गाडीला लावायचा नाही. त्यात अर्धा दिवस जायचा. गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन पिऊन कंटाळायचं.

"ही काय भाकरी आहे का, भाजत बसायला?" धैर्यशील एकदा चार लोकांत म्हणाला होता.

लोक हसले. चाचाही हसले होते.

त्यानंतर महिन्याभरात धैर्यशीलनं स्टँडसमोर स्वतःचं दुकान थाटलं. त्याला आता दोन वर्षं झाली. तिथं अर्ध्या तासात काम होई. भारीतला भारी लेप, बाहेरच्या देशातून आलेला, साडेसहाशे अंश सोसणारा. तो आकडा त्यानं दुकानाच्या दारावरच मोठ्या अक्षरात रंगवून घेतला होता.

आज तो दोन वर्षांनी शेडमध्ये आला होता.

"इकडं कसं येणं केलंस?" चाचांनी विचारलं.

"सहज. म्हटलं, तुमचं मत घ्यावं."

"हां…"

चाचा वाट पाहत राहिले. वाट पाहायला त्यांना कधीच जड जात नसे.

धैर्यशीलनं पिशवीतून लेपाचा एक रिकामा डबा काढला आणि पट्ट्यांच्या शेजारी ठेवला.

"अकरा गाड्या," तो शेवटी म्हणाला. "अकराच्या अकरा. मागच्या डब्यावरचा लेप सुटतोय. पावसाळासुद्धा बघितला नाही."

सायलेन्सरची नळी इंजिनापासून निघते आणि गाडीच्या शेपटाला एका डब्यात जाऊन संपते. तो मागचा डबा.

"मागचाच?"

"मागचाच."

"पुढं, इंजिनापाशी?"

"तिथली तक्रार नाही."

"हां…" चाचा पुन्हा म्हणाले.

धैर्यशील सरसावून बसला.

"उद्या बाजार आहे. सगळे ड्रायव्हर स्टँडवर जमतात. मला जाब विचारायचं ठरलंय त्यांचं. चाचा, माल खराब होता. माझा हात खराब नाही. तुम्ही शिकवलेला हात आहे. पण मी सांगितलं तर कोण ऐकणार? दुकानदार मालालाच दोष देणार म्हणतील. तुम्ही नुसतं एवढं म्हणालात, की माल खराब होता… तर रस्ता ऐकेल."

चाचांनी रिकामा डबा हातात घेतला. बोटानं त्यावरची अक्षरं चाचपली.

"वाच."

"काय?"

"यावर लिहिलंय ते. मला येत न्हाई. तू वाच."

धैर्यशीलनं वाचलं. 'साडेसहाशे अंश' मोठ्यानं वाचलं. 'गंजापासून बचाव' वाचलं. मग अक्षरं बारीक झाली आणि त्याचा आवाजही.

"लावल्यावर दोनशे अंशांवर तासभर भाजून घ्यावा. गाडी चालवून तेवढी उष्णता मिळत असेल, तर तशीच चालवावी."

"भाजलास?"

"गाडी चालली की आपोआप भाजतोच की, चाचा. आतून धूर जातोय. मुद्दाम कशाला भाजायचं?"

चाचांनी डबा खाली ठेवला.

तेवढ्यात रस्त्यावर एक जुनी व्हॅन वळली आणि शेडच्या तोंडाशी येऊन थांबली. पारिसअण्णा मगदूम उतरले. शेजारच्या वाडीतलं दूध दोन वेळा डेअरीत आणून घालायचं, हा त्यांचा धंदा. वाडी ते डेअरी दोन किलोमीटर. डेअरी या शेडच्या अलीकडच्या वळणावरच होती.

"मिस्त्री, सायलेन्सर भुरभुर कराय लागलाय, जरा बघा…" अण्णांचं लक्ष चटईवर गेलं. "अरे वा! साडेसहाशे अंशवाले इंजिनियर इथं बसलेत व्हय!"

धैर्यशील उठून उभा राहिला. "नमस्कार, अण्णा."

"नमस्कार राहू द्या. आमच्या गाडीचा लेप म्हशीनं चाटून काढला. दावणीजवळ गाडी लावली होती. म्हैस चाटती आणि लेप निघतोय! साडेसहाशे अंश म्हणं. म्हशीची जीभ किती अंशाची असती हो?"

धैर्यशीलचे कान लाल झाले.

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. सावकाश व्हॅनच्या मागं गेले. खाली वाकले, आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा मागच्या डब्यावर ठेवला.

"चाचा! भाजेल!" धैर्यशील ओरडला.

चाचांनी हात काढला नाही.

नळीच्या टोकातून पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा.

"ये," चाचा म्हणाले. "हात ठेव."

धैर्यशील पुढं आला. त्यानं हात पुढं केला, आणि चार बोटांवर आणून थांबवला. अकरा गाड्यांच्या मागच्या डब्यांना त्यानं लेप दिला होता. गाडी नुकतीच चालून आलेली असताना हात एकालाही लावला नव्हता.

"ठेव रं. कडेवरच्या पोरावर ठेवल्यागत ठेव."

त्यानं डोळे बारीक केले आणि तळवा टेकवला.

डबा कोमट होता. थंडीत अंगावर घ्यावासा वाटेल, इतकाच.

 धैर्यशीलचा हात तिथंच राहिला.

"डेअरीपासनं आलाय," चाचा म्हणाले. "रोज एवढंच पळतो. धुरातनं साचलेलं आतलं पाणीसुद्धा वाळत न्हाई याचं."

त्यांनी खांबावरची चिंधी घेतली, पेट्रोलच्या बाटलीत बुडवली आणि डब्यावर उरलेल्या लेपावरून एकदा फिरवली. चिंधी काळी झाली. खाली पत्रा उघडा पडला, आणि पत्र्यावर गंजाचे तांबूस ठिपके.

लेप इतक्या महिन्यांनीही कच्चाच होता. जणू सकाळीच लावला असावा.

"अगं आई!" अण्णा म्हणाले.

मग चाचा पुढं गेले. व्हॅनची ड्रायव्हरशेजारची सीट त्यांनी उचलली. खाली इंजिन होतं, आणि इंजिनाला लागून धुराच्या नळीचं पहिलं तोंड. तिथली धग चेहऱ्यावर आली. त्या तोंडावरही तोच लेप होता, त्याच डब्यातला, त्याच हातानं लावलेला.

चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर धैर्यशीलच्या हातात दिला.

"ओरखड."

त्यानं ओरखडलं. रेघ उठली नाही. जोर लावला. स्क्रू-ड्रायव्हर सटकला आणि लेप तसाच राहिला, दगडासारखा.

 भट्टीतल्या राखेवर एक चिमणी येऊन बसली आणि उडून गेली.

धैर्यशील चटईवर मांडलेल्या पट्ट्यांकडं बघत होता. सात आकडे त्याला तोंडपाठ होते. कुठली किती सोसते. कुठलीचा लेप पक्का व्हायला किती आच लागते, हे त्यानं एकीचंही बघितलं नव्हतं.

"मग मागच्याला कोणता लावायचा?" तो हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलण्याचा सूर नव्हता.

"लांब पळणारी गाडी असली तर हाच. पण डबा उतरवून, भाजून. आणि जवळपास पळणारी असली…" चाचांनी अण्णांच्या व्हॅनकडं मान केली. "तर हवेवर वाळणारा साधा चंदेरी. त्याला आगीशी झुंजायचंच न्हाई. त्याला पाण्याशी झुंजायचंय."

"एवढंच?"

"एवढंच."

अण्णा मधेच बोलले. ते मघापासून त्या काळ्या चिंधीकडं बघत होते.

"ते सगळं असू द्या, मिस्त्री. तुम्ही एक सांगा. उद्या आम्ही दहा-अकरा जण बसणार आहोत. पोरगं तुमच्याच हाताखालचं, म्हणून उगं कुणाचं मन होत न्हाई वाकडं बोलायला. माल खराब निघाला असंल तर तसं सांगा. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य. विषय मिटला."



धैर्यशील याचसाठी आला होता. न मागता अण्णांनीच ते चाचांच्या ओठांपर्यंत आणून ठेवलं होतं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. दुकान राहिलं असतं, दारावरचा आकडा राहिला असता, आणि उद्याचा बाजार नेहमीसारखा भरला असता.

चाचांनी चिंधीला हात पुसले. एकेक बोट सावकाश पुसलं.

"मला वाचता येत न्हाई, अण्णा," ते म्हणाले. "डब्यावर काय लिहिलंय, ते त्याला इचारा."

अण्णांनी धैर्यशीलकडं पाहिलं.

धैर्यशीलनं चाचांकडं पाहिलं. चाचा घाटाकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया होती की नव्हती तेही कळत नव्हतं. कुणी गाडीचा आवाज ऐकत उभं राहावं, तसे ते उभे होते.

धैर्यशीलनं खालचा रिकामा डबा उचलला.

"माल चांगला होता, अण्णा," धैर्यशील म्हणाला.

"आं?"

"माल चांगला होता. भाजून घ्या, असं लिहिलं होतं त्यावर. मी भाजला नाही."

"का?"

"…वेळ लागतो म्हणून."

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. चेष्टा त्यांच्या तोंडापर्यंत आली असावी, पण त्यांनी ती गिळली.

"सगळ्या गाड्या?"

"सगळ्या."

"आता काय करणार?"

"सगळ्यांचे डबे उतरवतो. घासून काढतो. लांब जाणाऱ्यांचे भाजतो, बाकीच्यांना साधा लावतो. एकेक करून. माझ्याकडं भट्टी नाही…" तो थांबला. "चाचा, तुमची भट्टी…"

"आहे तिथंच आहे," चाचा म्हणाले.

अण्णा व्हॅनमध्ये बसले. किल्ली फिरवली. गाडी भुरभुरत सुरू झाली.

"माझी शेवटी घे," ते खिडकीतून म्हणाले. "म्हशीला सवय लागलीय. मी चाललोय स्टँडवर. तिथं आत्ता चौघं-पाचजण असतील पत्ते कुटत. येणार असशील तर बस."

धैर्यशील जागचा हलला नाही.

स्टँडवर त्याच्या दुकानाची पाटी दिसायची. पत्ते खेळणाऱ्यांत दोघं असे होते, की ज्यांना त्यानं स्वतःच्या तोंडानं चाचांच्या भट्टीची नक्कल करून दाखवली होती.

"आज नको, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं. उद्या सगळेच असतात. उद्या सांगतो, सगळ्यांना एकदम. नीट. रात्रभर विचार करून, शांतपणे…"

अण्णांनी गाडी तशीच चालू ठेवली. 

धैर्यशील चाचांकडं वळला. "बरोबर ना, चाचा? घाईनं बोलून चालत नाही. तुम्हीच म्हणता."

चाचा त्याच्याजवळ आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हातानंच त्याला हळूच व्हॅनकडं लोटलं.

"आत्ताच जा. उद्यापर्यंत निवशील."