पाचवी खुंटी

कधीकाळी, कोणत्या राज्यात ते विचारू नका, डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं आणि त्याच्या पाण्यावर पाच गावं जगत होती. त्या गावांचं एकमेकांवर फार प्रेम होतं असं सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही, आणि ते खरंही नव्हतं. वरचं गाव म्हणे, खालचं पाणी चोरतं. खालचं म्हणे, वरचं पाणी अडवतं.

या संशयातूनच थोडं शहाणपण निघालं. पाच गावांच्या म्हाताऱ्यांनी बांधावरच्या दगडावर करार कोरला. तळं आणि बांध सगळ्यांचा, त्यावर एक कारभारी. आपापला बाजार, आपापली जत्रा, आपापले तंटे ज्या त्या गावानं पाहावेत, कारभाऱ्यानं त्यात नाक खुपसू नये. आणि आरोप कसलाही असो, पाच गावांनी ऐकून घेतल्याशिवाय कुणाचं पाणी तोडू नये.

पण नुसत्या अक्षरांना कोण भीक घालतो? म्हणून पाटांची दारं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या रहाटाला पाच खाचा ठेवल्या. पाचही खुंट्या बसल्या तरच रहाट फिरे, आणि एकेक खुंटी एकेका गावात असे.

पुढे एक कारभारी आला. माणूस खरोखर चांगला. भर पुरात त्यानं स्वतः माती वाहून बांध वाचवला. गावांनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. शेला दिला, नारळ दिला, आणि त्याहून मोठा मान म्हणून आपापल्या खुंट्याही दिल्या! खालच्या गावचा सुभानजी तर खुंटीला हार घालूनच आला होता.

मधल्या गावची खुंटी तान्हूबाई कुंभारणीकडे होती. ती नारळ देऊन परत आली, खुंटी काही दिली नाही.

"देवमाणसावर संशय घेतेस?" लोक म्हणाले.

"देवळालाही कडी असते," ती म्हणाली.

तिच्याच गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. म्हातारीच्या मनात काळंबेरं आहे, ती खुंटी कुणाला तरी विकणार आहे, अशी कुजबुज सुरू झाली. तिला ते फार लागलं. पण पाणी सोडायच्या दिवशी ती स्वतः जाऊन खुंटी लावी, परत आणी आणि उतरंडीतल्या तळाच्या मडक्यात ठेवी; कुणाच्या हाती देत नसे.

दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, कारभाऱ्याची लाडकी घोडी नाहीशी झाली. कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं. त्यानं सुभानजीला बोलावून सांगितलं, "एक पाट बंद करायचाय. पाचवी खुंटी घेऊन ये."

सुभानजी धावतच कुंभारणीच्या दारात आला. "तान्हूकाकू, हत्ती गेला, आता शेपटाला काय धरून बसलीस? दे ती खुंटी."

"पाणी कुणाचं तोडायचंय?"

"मी नाही विचारलं. असेल कुणी चोर."

"त्याचं म्हणणं ऐकलं?"

"कारभाऱ्यांनी ठरवलंय म्हणजे विचार करूनच ना!"

"मग जा, गावाचं नाव तेवढं विचारून ये. नाव आणलंस की बोलू."

सुभानजी तणतणत गेला. परत आला तो पाय ओढत.

"काकू," तो म्हणाला, "आमचंच गाव. माझी लेक बाळंतीण आहे गं. आम्ही घोडी पाहिलीसुद्धा नाही. खुंटी देऊ नकोस."

तान्हूबाईनं त्याला पाणी दिलं, आणि खुंटी होती तिथंच ठेवली.

कारभारी स्वतः येऊन ओरडून गेला. पण चार खुंट्यांनी रहाट हलत नव्हता. तिसऱ्या दिवशी घोडी डोंगरामागच्या ओढ्यात चिखलात रुतलेली सापडली. कारभारी मान खाली घालून बांधावर आला आणि त्यानं चारही खुंट्या दगडापाशी ठेवल्या.

तेव्हा लोकांनी काय करावं? त्या चारही उचलून, हार घालून, वाजतगाजत कुंभारणीच्या दारात आणल्या. पुढे सुभानजीच होता. "आता तूच सांभाळ. तुझ्यासारखं भरवशाचं कोण आहे?"

तान्हूबाईनं कपाळाला हात लावला. "अरे, त्याच्याबद्दलही तुम्ही हेच म्हणाला होता! न्या आपापल्या घरी. आणि माझ्यावरही नजर ठेवा."

तात्पर्य: कारभारी कितीही चांगला असो, सगळ्यांच्या हक्काची खुंटी एका हाती देऊ नये.